मागच्या डब्यात

इटलीतल्या गेमोनाच्या फलाटावर उतरून चार पावलं चालले असेन, तेवढ्यात मागून काचेवर टकटक ऐकू आली. वळून पाहिलं तर मघापर्यंत माझ्यासमोर बसलेले आजोबा खिडकीशी उभे राहून हात हलवत होते. मला अगदी भरून आलं. परक्या मुलखात जेमतेम तासाभराची ओळख, आणि माणूस निरोप द्यायला जागेवरून उठतो! मी ट्रॉली बॅग सोडली आणि डावा हात उंच करून जोरजोरात टाटा केला. (उजवा अजून खांद्याच्या वर जात नव्हता.) त्यांनी मान हलवली. नाही, नाही. मग गाडीच्या शेपटीकडे बोट दाखवलं, पुन्हा काचेवर थाप मारली, शेवटी दोन्ही मुठी पुढे धरून हँडल पकडल्याचा अभिनय केला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडी हलली होती. मी माझी सायकल गाडीतच विसरून उतरले, असं त्यांना वाटत होतं. त्यांचा तो घाबराघुबरा चेहरा खिडकीसकट माझ्यासमोरून सरकत गेला.

माझी सायकल त्या गाडीत नव्हतीच. ती पुण्यात आमच्या बाल्कनीत, जुन्या सोलापुरी चादरीखाली उभी होती.

बोपदेव घाट उतरताना जुलैतल्या एका रविवारी मी पडले. वळणावर पावसानं वाहून आणलेली खडी होती, मला ती दिसलीही होती. दिसूनही ब्रेक दाबला, आणि वळणावर खडीत ब्रेक दाबायचा नसतो हे नव्या लोकांना मीच दर रविवारी सांगत असते. आवाज आला तो वाळकी काटकी मोडल्यासारखा, बारीकसा. उजवं कॉलरबोन. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून सांगितलं, ऑपरेशन नको, जुळेल आपलं आपण, थोडा उंचवटा राहील. सहा आठवडे स्लिंग, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, सायकल तीन महिने विसरा. मी विचारलं, "आणि प्रवास?" तर म्हणाले, "करा की. रेल्वेत बसायला कॉलरबोन कुठे लागतं?"

सप्टेंबरची तिकिटं दीड वर्षाच्या वायद्यानं ठरली होती. साल्झबुर्गहून सायकलवर निघायचं, आल्प्स ओलांडायचे आणि इटलीत ग्रादोला समुद्रात पाय बुडवायचे. आल्पे-आद्रिया नावाचा हा सायकलमार्ग साधारण ४१० किलोमीटरचा आहे. आम्ही चौघं: आमचे 'डॉक्टर' (पीएचडीवाले, म्हणजे हाडं मोडल्यावर निरुपयोगी), वहिनी, शाळेपासूनचा माझा मित्र बाळ्या आणि मी. दर शनिवारी सिंहगड, मधूनमधून पानशेत, एकदा हिय्या करून महाबळेश्वर. मी पडले तेव्हा तिघं घरी आले, डाळिंबं आणली, आणि "आपण पुढच्या वर्षी जाऊ" असं अगदी मनापासून म्हणाले. मी तितक्याच मनापासून "छे छे, तुम्ही जा" म्हणाले. ते इतक्या पटकन कबूल होतील असं वाटलं नव्हतं. पुढचा अर्धा तास मी डाळिंब सोलता येत नाही म्हणून चिडचिड करत बसले. रात्री बाळ्यानं वेळापत्रक पाठवलं. साल्झबुर्ग ते ऊदिने सगळीकडे त्याच दऱ्यांमधून रेल्वे जाते, तू गाडीनं ये, मुक्कामाला भेटू. खाली एक ओळ होती: 'तुला चढ लागणार नाही, मजा आहे तुझी.'

त्या ओळीचा मला राग यायला हवा होता. आला नाही. खरं सांगायचं तर घाटात रस्त्यावर पडून आभाळाकडे बघत असताना, दुखायला लागायच्याही आधी, मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर 'सुटले'. वाटेतल्या गास्टाइनच्या चढाची मी महिनोन्‌महिने धास्ती घेतली होती आणि कुणाला बोलले नव्हते. बावन्नाव्या वर्षी ग्रुपमध्ये मागे पडणं वेगळं आणि परदेशात, सामान लादलेल्या सायकलवर, तिघांना ताटकळत ठेवून मागे पडणं वेगळं. हे मी आजही त्या तिघांना सांगितलेलं नाही. ते हा लेख वाचतीलच.

हेल्मेट मात्र मी बरोबर घेतलं. का घेतलं, ते नीट सांगता येणार नाही. घरच्यांना सांगितलं, शेवटच्या सपाट रस्त्यावर थोडी चालवेन म्हणून. ट्रॉलीच्या दांड्याला पट्ट्यानं अडकवलेलं ते पिवळं हेल्मेट साल्झबुर्ग स्टेशनच्या फरशीवर टकटक आपटत माझ्यामागून यायचं. तोवर स्लिंग निघाली होती, आणि तोच घोटाळा होता. प्लॅस्टर असतं, कुबड्या असत्या, तर माणसाला एक प्रतिष्ठा असते. लोक जागा देतात, काय झालं विचारतात. कॉलरबोन आतल्या आत मोडतं आणि आतल्या आत जुळतं. बाहेरून मी एक धडधाकट बाई दिसत होते, जिला स्वतःची बॅग रॅकवर ठेवायचा कंटाळा आहे.

तिघं सकाळी आठला निघाले. मी मुद्दाम पुढची गाडी घेतली आणि बाळ्यानं सांगितलेल्या बाजूची खिडकी पकडली, म्हणजे वाटेत दिसतील. साल्झाख नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि तिच्या काठानं सायकलरस्ता. दिसेल त्या सायकलस्वाराला मी हात केला. एकदा तिघं दिसले, पुढच्याचं जॅकेट डॉक्टरांसारखंच भगवं. मी काचेला नाक लावून हात हलवला, आणि जवळ आल्यावर पाहते तर पांढऱ्या दाढ्या. मग डोंगर जवळ आले, वेर्फेनचा किल्ला उंच सुळक्यावर एखाद्या चित्रातल्यासारखा येऊन गेला, बिशॉफ्सहोफेन झालं, आणि जे अंतर तिघांना दोन दिवस पुरणार होतं ते माझं दीड तासात संपलं. दुपारी साडेबाराला मी बाडगास्टाइनच्या फलाटावर उभी होते, आणि ते यायला अजून सव्वा दिवस होता.

सायकलच्या सहलीत वेळ कसा जातो ते मला ठाऊक होतं. वेळ जातच नाही, अंतर जातं. पुढचं वळण, पुढची बाटली, पुढचं केळं. इथे माझ्याजवळ अंतर नव्हतं, नुसता वेळ होता. बाडगास्टाइन म्हणजे कड्याला टांगलेलं गाव, आणि गावाच्या ऐन मध्यातून, हॉटेलांच्या भिंतींना घासून, धबधबा कोसळतो. जुन्या ऐश्वर्याची भलीमोठी हॉटेलं, त्यातली काही बंद, खिडक्यांना फळ्या. पुलावर उभं राहिलं की चष्म्यावर तुषार येतात आणि पायाखाली पूल बारीक थरथरतो. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपले. मध्येच जाग आली ती धो धो पावसाच्या आवाजानं. अर्धवट झोपेत वाटलं, पुण्यात आहे, जुलै आहे, उद्या रविवार आहे, रस्ता निसरडा असेल तर जायला नको. उठून बाहेर पाहिलं तर चांदणं पडलेलं. सकाळी स्टेशनसमोरच्या गरम पाण्याच्या कुंडात खांद्यापर्यंत बुडून बसले. आजूबाजूला सगळे गुडघे, कमरा आणि मणके. या दरीत सांधेदुखीवाले सोनं शोधायला खोदलेल्या एका बोगद्यात जाऊन रेडॉनची हवा घेतात. आपल्याकडे गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या कुंडांवर जी माणसं भेटतात तीच ही, फक्त इथे टॉवेल पांढरे होते. एका बाईनं माझ्या खांद्यावरचा उंचवटा पाहिला, स्वतःच्या मनगटावरचा व्रण दाखवला, आणि आम्ही दोघी एकमेकींची भाषा न येता बराच वेळ बोललो.

बाडगास्टाइनच्या वर बोकश्टाइनला दरी संपते. समोर टाउएर्न पर्वतरांगेची भिंत. इथून पलीकडे जायला सायकललाही रस्ता नाही. १९०९ मध्ये उघडलेला रेल्वेचा बोगदा आहे, साडेआठ किलोमीटरच्या आसपासचा, म्हणजे कोकण रेल्वेच्या करबुड्यापेक्षाही दोनेक किलोमीटरनं लांब. मोटारी उघड्या वाघिणींवर चढवतात, सायकलीही चढवतात, आणि माणसांनी डब्यात बसायचं. मी बसनं वर गेले. तिघं आले ते लालभडक, घामेजलेले, चढाच्या गोष्टी ऐकवत. वहिनींनी मिठी मारताना खांदा सांभाळून मारली. त्या डब्यातली अकरा मिनिटं मला आत्तासुद्धा लख्ख आठवतात. अंधार, लोखंडाचा वास, ओल्या कपड्यांचा वास, आणि ओळीनं बसलेले सगळेच सायकलवाले, सायकलीवाचून. तेवढ्यापुरती मी त्यांच्यातलीच एक होते. डॉक्टर म्हणाले, "बोगद्यात ओरडायचं नाही का?" आणि आम्ही चौघं प्रौढ माणसं खंडाळ्याच्या घाटात ओरडतात तसे ओरडलो. एका जर्मन कुटुंबातलं पोर आधी दचकलं आणि मग त्यानंही सूर मिळवला. माल्निट्झला उजेड आला, वाघिणीवरून सायकली उतरल्या, आणि पुन्हा ते उतारावरून निघून गेले, मी पुढच्या गाडीची वाट बघत राहिले.

आता ती गाडी, जिच्यात मी खोटं बोलले.

ऑस्ट्रियातलं फिलाख ते इटलीतलं ऊदिने अशी 'मिकोत्रा' नावाची गाडी २०१२ पासून धावते, दिवसातून दोनदा. सायकलवाल्यांसाठी तिला एक मोठा डबा जोडलेला असतो, त्यात ओळीनं सायकली. तिघं आदल्या दिवशीच सायकलवर पुढे गेले होते. या पट्ट्याचं सगळ्यांनी फार वर्णन केलेलं, कारण तार्विझिओच्या पुढचा सायकलमार्ग म्हणजे चक्क जुनी रेल्वेलाइन आहे. ऊदिनेहून पोंतेब्बापर्यंत १८७९ मध्ये रूळ आले. तेव्हा ऑस्ट्रिया-इटलीची हद्द पोंतेब्बाच्या ओढ्यावर होती. शंभरावर वर्षं गाड्या फेला नदीच्या काठानं, पुलांवरून, छोट्या छोट्या बोगद्यांतून वळणं घेत गेल्या. मग डोंगराच्या पोटातून सरळ नवी दुहेरी लाइन खोदली, २००० पर्यंत ती पुरी झाली, आणि जुनी मोकळी पडली. रूळ काढून तिथे डांबर टाकलं. क्यूसाफोर्तेच्या जुन्या स्टेशनात आता सायकलवाल्यांचं कॅफे आहे. हे वाचलं तेव्हा मला आपली शकुंतला आठवली होती. मूर्तिजापूर-यवतमाळ, ते गवतात बुडालेले अरुंद रूळ. असो.

म्हणजे झालं होतं असं की रेल्वेनं आपला देखावा सायकलला देऊन टाकला होता आणि स्वतः डोंगरात शिरली होती. मी रेल्वेत होते. तार्विझिओ सुटलं आणि खिडकी काळी झाली. उगोवित्सापाशी क्षणभर हिरवं, पुन्हा काळी. पोंतेब्बाला घरं, पुन्हा काळी. मधेच कधीतरी दोन सेकंद पांढऱ्याशुभ्र गोट्यांचं पात्र आणि त्यात मोरपंखी पाण्याची रेघ, ती नीट दिसायच्या आत काचेत परत माझा चेहरा आणि शेजारी लोंबणारं पिवळं हेल्मेट. लहानपणी डेक्कन क्वीननं जाताना मी बोगद्यांची वाट बघायचे. तिथे बोगदा हा मधला खाऊ होता, कर्जत ते खंडाळा पुन्हापुन्हा मिळणारा, आणि दोन बोगद्यांमध्ये दरी पसरलेली असायची. इथे दरी हाच मधला खाऊ, तोही चमचाभर. माझ्या डोक्यावर कुठेतरी, उन्हात, त्याच दरीतून तिघं पुलावरून जात असतील, वहिनी फोटोसाठी थांबवत असतील, बाळ्या वैतागत असेल.

समोरचे आजोबा सत्तरीपुढचे. अंगात सायकलची जर्सी, पोटावर ताणलेली. ते फिलाखलाच बसले होते आणि तुटक्या इंग्रजीत बोलत होते. बाहेर अंधार झाला की ते सांगायचे, आत्ता वर लोखंडी पूल आहे. आत्ता उजवीकडे धबधबा आहे. आत्ता जुना बोगदा, आत दिवे आपोआप लागतात. त्यांनी हा रस्ता पुष्कळदा केला होता. "आता नाही," ते म्हणाले आणि कमरेवर टकटक करून दाखवलं. खुबा नवा बसवलाय. आता डोंगर गाडीनं ओलांडायचा, ऊदिनेला उतरायचं, तिथून समुद्रापर्यंत सपाट, तेवढंच चालवायचं. "थोडी फसवणूक," असं म्हणून ते हसले, अगदी निवांत, शेंगदाणे खाता खाता सांगावं तसं. मग माझ्या हेल्मेटकडे बघत विचारलं, "आणि तुमची? मागच्या डब्यात?"

मी म्हणाले, "हो, मागच्या डब्यात."

किती सोपं होतं खरं बोलणं. त्यांनी दार उघडून, आधी स्वतः आत जाऊन, मला या म्हटलं होतं. मी म्हणू शकले असते, माझंही हाड मोडलंय, हे बघा. कदाचित त्यांनी फोटो दाखवले असते, एक्स-रेसुद्धा. त्या वयाच्या माणसांच्या फोनमध्ये असतातच. पण खोटं बोलल्यावर त्याला पुढे खतपाणी घालावं लागतं. कुठली सायकल? हायब्रिड, निळी. (हे खरं.) गास्टाइनचा चढ कसा वाटला? फार कठीण. (हे बाळ्याचं.) पुढे मी त्यांना वहिनींनी सांगितलेला तो उताराचा रस्ता, झाडांतून येणारा गार वारा, हात आखडले तो क्षण, सगळं सांगितलं, आणि सांगताना मला खरोखर गार लागलं. ते मान डोलावत होते. त्यांना ते सगळं आठवत होतं.

म्हणून मग गेमोनाला ती टकटक.

गेमोनाचं स्टेशन खाली आहे आणि जुनं गाव वर, डोंगराच्या कुशीत. तिघं कॅथीड्रलसमोर सायकली भिंतीला टेकवून आइस्क्रीम खात होते. दर्शनी भिंतीवर खांद्यावर बाळ घेतलेला सेंट ख्रिस्तोफर, माणसाच्या चौपट उंच, प्रवाशांचा रखवालदार. मी त्याच्याकडे वर बघायचं टाळलं. ६ मे १९७६ च्या रात्री इथे भूकंप झाला. सगळ्या फ्रिऊली प्रांतात हजाराच्या घरात माणसं गेली, सप्टेंबरमध्ये पुन्हा धक्के बसले आणि उरलेलंही पडलं. इथली माणसं म्हणतात, डोंगराखाली 'ओर्कोलात' नावाचा राक्षस आहे, तो कूस बदलतो. शेजारचं वेन्झोने तर त्यांनी दगडांना नंबर देऊन होतं तिथेच पुन्हा उभं केलं. किल्लारीचं असं झालं नाही. आपण गाव उचलून दुसरीकडे सरळ रेषेत मांडलं. १९९३ मध्ये मी तिथे कॉलेजच्या मुलांबरोबर ब्लँकेटं वाटायला गेले होते. उघड्या पडलेल्या देवळीत एक पितळी समई अजून सरळ उभी असलेली पाहिल्याचं आठवतं. गेमोनाच्या कॅथीड्रलमध्ये आत गेलं की खांब तिरके दिसतात. पहिल्यांदा आपल्यालाच चक्कर आली असं वाटतं. दुरुस्त करताना ते सरळ न करता तसेच झुकलेले ठेवलेत. मी एकाला टेकून बसले. दगड गार होता, आणि खांद्याला बरं वाटलं. बाहेर आल्यावर बाळ्यानं विचारलं, "गाडी कशी होती?" मी म्हटलं, "अंधार होता."

पुढचं भराभर झालं. आक्विलेयाच्या बॅसिलिकात काचेच्या पट्टीवरून चालत खालची चौथ्या शतकातली फरशी बघायची असते. तिथे दगडी तुकड्यांत कोंबडा आणि कासव समोरासमोर झुंजायला उभे आहेत. डॉक्टर माझ्याकडे बघून काही विनोद करणार होते, वहिनींनी डोळे वटारले. तिथून ग्रादोपर्यंतचा शेवटचा रस्ता खाजणातून जातो, दोन्ही बाजूंना पाणी, पाच किलोमीटर बाणासारखा सरळ आणि पोळपाटासारखा सपाट. हेल्मेट ज्याच्यासाठी आणलं तो हाच. वहिनी म्हणाल्या, "माझी घे, हळूहळू जा, कोण बघतंय." मी सीटवर बसले, उजवा हात हँडलवर ठेवला, एक पॅडल मारलं आणि उतरले. दुखलं नाही. फक्त रस्त्याच्या कडेला थोडी खडी दिसली. मी बसनं गेले आणि पलीकडच्या टोकाला उभी राहिले. ते तिघं उन्हातून येताना आधी थरथरते ठिपके होते, मग रंग, मग चेहरे. मी त्यांचा व्हिडिओ काढला. त्यात माझा आवाज आहे, "या या या" असा, आणि तो ऐकताना मला अजून कळत नाही की ही बाई आनंदात आहे की रडतेय.

समुद्रात पाय आम्ही चौघांनी बुडवले. पाणी कोमट होतं.

परतताना ऊदिनेहून तीच मिकोत्रा. यावेळी चौघंही गाडीत. तिकीट तपासायला आलेल्या तरुणानं सायकलींची तिकिटं मोजली, मग आमची चार हेल्मेटं मोजली, आणि बोटं वर करून विचारलं, चार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तीन," मी म्हणाले. तो पुढे गेला. मग मी त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली. बाळ्या इतका हसला की त्याला ठसका लागला. डॉक्टरांनी लगेच मांडणी केली: ऊदिनेला उतरल्यावर आजोबा त्या डब्यात गेले असणार, एकेक जण आपली सायकल काढून नेणार, शेवटी जी उरेल ती त्या भारतीय बाईची, निळी, हायब्रिड. आणि उरलेलं तर काहीच नसणार. "त्यांना वाटलं असेल चोरीला गेली," वहिनी म्हणाल्या. बिचारे पोलिसांत गेले नसतील म्हणजे मिळवली, असं म्हणून पुन्हा सगळे हसले. मीही हसले.

गेमोना आलं तेव्हा मी उठून आजोबा बसले होते तशा खिडकीशी जाऊन बसले. तिथून काय दिसतं ते बघायचं होतं. फलाट पूर्ण दिसतो. सायकलींच्या डब्याच्या दारापर्यंत, आणि इकडे बाहेर पडायच्या वाटेपर्यंत. उतरलेला माणूस कुठे वळतो ते स्वच्छ दिसतं. मी त्या दिवशी त्या डब्याकडे मान वळवूनही पाहिलं नव्हतं. बॅग ओढत सरळ निघाले होते.